विश्लेषण : घाटात ट्रेलर का दमतो? मागच्या ॲक्सलचा ‘रेशो’ कसा निवडायचा?

न्हावाशेवा बंदरातून कंटेनर घेऊन चाकण-तळेगावकडे निघालेले दोन ट्रेलर. कंपनी तीच, हॉर्सपॉवर तेवढीच, मालाचे वजनही सारखेच. खोपोलीपर्यंत दोघे मागेपुढे धावतात. बोरघाट सुरू झाला की एक मुकाट्याने चढत राहतो, दुसऱ्याचा ड्रायव्हर मात्र सारखा गिअर बदलत असतो. घाट ओलांडून सपाटीला लागले की उलटे घडते. घाटात कुरकुरणारी गाडी शांतपणे धावते आणि चढावर दमदार वाटणारी गाडी जास्त डिझेल पिऊ लागते.

हा फरक मागच्या ॲक्सलमधल्या दोन दातेरी चाकांमुळे पडतो. ट्रक घेताना मालक इंजिन पाहतो, किंमत पाहतो, हप्ता पाहतो. ‘ॲक्सल रेशो’ हा आकडा मात्र माहितीपत्रकाच्या तळाशी राहून जातो. पुढची आठ-दहा वर्षे डिझेलचा खर्च, क्लचचे आयुष्य आणि घाट उतरतानाची सुरक्षितता या आकड्याशी जोडलेली असते. तो नेमका काय असतो आणि कसा निवडायचा, ते समजून घेऊ.

ॲक्सल रेशो म्हणजे नेमके काय?

इंजिनाची ताकद गिअरबॉक्समधून प्रोपेलर शाफ्टने मागे जाते. मागच्या ॲक्सलच्या मधोमध जो मोठा गोल फुगवटा दिसतो, त्यात डिफरन्शियल असते. तिथे शाफ्टच्या टोकाला लहान दातेरी चाक असते, ते पिनियन. ते ज्या मोठ्या चाकाला फिरवते, ते क्राउन. मेकॅनिकच्या बोलण्यात ही जोडी ‘क्राउन-पिनियन’ म्हणूनच येते.

क्राउनच्या दात्यांना पिनियनच्या दात्यांनी भागले की रेशो मिळतो. क्राउनला ४१ आणि पिनियनला १० दाते असतील तर रेशो ४.१०. म्हणजे शाफ्ट ४.१ वेळा फिरला की चाक एकदा फिरते. ३७ आणि ७ दाते असतील तर ५.२९. ४१ आणि ६ असतील तर ६.८३.

हे आकडे असे विचित्र का, सरळ ४ किंवा ५ का नाहीत, असा प्रश्न पडू शकतो. त्यामागे कारण आहे. रेशो पूर्णांक असेल तर पिनियनचा ठरावीक दाता क्राउनच्या ठरावीक दात्यांवरच पुन्हा पुन्हा बसतो आणि एखाद्या दात्यातला दोष तिथेच झीज वाढवत नेतो. ४१, ३७ अशा मूळ संख्या घेतल्या की प्रत्येक दाता आळीपाळीने प्रत्येक दात्याशी भिडतो आणि झीज सगळीकडे सारखी होते.

आकडा मोठा चांगला की लहान?

इथेच बहुतेकांचा गोंधळ होतो. आकडा मोठा म्हणजे ओढ जास्त, पण त्याच वेगासाठी इंजिनाला जास्त फिरावे लागते. आकडा लहान म्हणजे ओढ कमी, पण इंजिन निवांत.

सायकलचे उदाहरण घ्या. मागच्या चाकावर मोठी चकती असेल तर चढ सोपा जातो, पण सपाटीवर पाय भराभर मारावे लागतात. चकती लहान असेल तर सपाटीवर मजा येते आणि चढावर मांड्या भरून येतात. सायकलस्वाराची ताकद दोन्हीकडे तेवढीच असते, ती कशी वापरली जाते एवढेच बदलते.

ट्रकचेही तसेच आहे. मोठ्या रेशोमुळे इंजिनाची हॉर्सपॉवर एकानेही वाढत नाही. ‘रेशो बदलला की गाडीची ताकद वाढते’ असे अनेक ठिकाणी सांगितले जाते, ते अर्धवट खरे आहे. चाकावरचा जोर वाढतो, पण त्याची किंमत वेगात मोजावी लागते.

सपाट रस्त्यावर किती फरक पडतो?

कागद-पेन घेऊन एक हिशोब करू. ४० टनांचा भरलेला ट्रेलर घेऊ. इंजिन २५० हॉर्सपॉवरचे, जास्तीत जास्त टॉर्क ९०० न्यूटन-मीटर. गिअरबॉक्समध्ये एक क्रॉलर आणि आठ गिअर, त्यातला शेवटचा थेट म्हणजे १ ला १. टायर असा की एका फेऱ्यात ३.२ मीटर अंतर कापले जाते. हे आकडे उदाहरणासाठी घेतलेले आहेत. आपल्याकडच्या ट्रेलरच्या जवळपास जाणारे.

ताशी ६० किलोमीटरच्या वेगाला, शेवटच्या गिअरमध्ये इंजिन किती फिरेल?

• रेशो ४.१० : सुमारे १,२८० आरपीएम
• रेशो ४.५६ : सुमारे १,४२५ आरपीएम
• रेशो ५.२९ : सुमारे १,६५० आरपीएम

ताशी ८० च्या वेगाला हेच आकडे सुमारे १,७१०, १,९०० आणि २,२०० होतात. अवजड डिझेल इंजिनाचा मीटरवरचा हिरवा पट्टा साधारण १,००० ते १,६०० च्या आसपास असतो. त्यामुळे ४.१० ची गाडी ६० च्या वेगाला आरामात हिरव्या पट्ट्यात राहते. ५.२९ ची गाडी काठावर असते आणि ८० ला पट्ट्याच्या बाहेर जाते. तेच काम जास्त फेऱ्यांत केले की इंजिनाच्या आतल्या घर्षणात जास्त डिझेल जाते.

हा फरक पैशांत केवढा? समजा गाडी महिन्याला १०,००० किलोमीटर धावते आणि लिटरला ३ किलोमीटर देते. ॲव्हरेज ३ वरून ३.१ झाले तरी महिन्याला सुमारे १०७ लिटर वाचतात. डिझेल ९० रुपये धरले तर साडेनऊ हजारांच्या पुढे. एका गाडीचे, एका महिन्याचे. दहा गाड्यांचा मालक असेल तर हा आकडा वर्षाला अकरा लाखांच्या पुढे जातो.

मग सरळ लहान रेशो का घेऊ नये?

कारण रस्ता क्वचितच सपाट असतो. आपला ४० टनी ट्रेलर ६० च्या वेगाने सपाटीवर धावताना टायर आणि वारा मिळून साधारण ४०० किलोचा अडथळा करतात. तेवढ्याला ४.१० चा रेशो पुरून उरतो.

आता फक्त १ टक्का चढ आला, म्हणजे १०० मीटरमागे १ मीटर. डोळ्याला तो जाणवतही नाही. पण ४० टनांचा १ टक्का म्हणजे आणखी ४०० किलो. अडथळा एकदम दुप्पट. ४.१० च्या गाडीला शेवटच्या गिअरमध्ये हे ओढायला इंजिनाकडून सुमारे १,१०० न्यूटन-मीटर लागतील आणि इंजिनाकडे आहेत ९००. गिअर खाली टाकावाच लागतो. ५.२९ च्या गाडीला सुमारे ८६० पुरतात, ती शेवटच्या गिअरमध्येच चढ ओलांडते.

यात एक गंमत आहे. ४.१० च्या गाडीने एक गिअर खाली टाकला की सातव्या गिअरचा १.३४ रेशो ॲक्सलला गुणला जातो. ४.१० गुणिले १.३४ म्हणजे सुमारे ५.५. म्हणजे ती गाडी आता जवळपास ५.२९ च्या गाडीसारखीच वागते! ॲक्सल रेशो बदलणे म्हणजे सगळा गिअरबॉक्स साधारण एका गिअरने वर किंवा खाली सरकवणे.

मधल्या गिअरमध्ये ही उणीव भरून निघते. ड्रायव्हरला एखादा गिअर जास्त बदलावा लागतो, एवढेच. पण दोन टोकांना पर्याय नसतो. शेवटच्या गिअरच्या वर गिअर नाही, त्यामुळे सपाटीवरचे डिझेल रेशोवर ठरते. पहिल्याच्या खाली क्रॉलर सोडला तर काही नाही, त्यामुळे चढावर जागेवरून गाडी उचलणे रेशोवर ठरते. निवड करताना या दोन टोकांकडे पाहायचे.

घाट चढताना किती जोर लागतो?

भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषांनुसार डोंगराळ भागात रस्त्याचा नेहमीचा चढ ५ टक्के, मर्यादा ६ टक्के आणि अपवादात्मक ठिकाणी ७ टक्क्यांपर्यंत ठेवता येतो. ५ टक्के चढावर ४० टनांची गाडी मागे खेचणारा जोर २ टनांचा असतो. त्यात टायरचा अडथळा मिळवला की साधारण २.३ टन.

४.१० च्या गाडीला चौथ्या गिअरमध्ये जास्तीत जास्त २.३ टनांचाच जोर मिळतो. म्हणजे गाडी चढते, पण हातात राखीव काही उरत नाही. पुढचा ट्रक जरा हळू झाला, वळण आले, की तिसरा गिअर. ५.२९ च्या गाडीला त्याच चौथ्या गिअरमध्ये जवळपास ३ टन मिळतात. तिचा ड्रायव्हर निश्चिंत असतो.

वेगाचे काय? १,५०० आरपीएमला ४.१० ची गाडी चौथ्या गिअरमध्ये ताशी २० ने चढेल, ५.२९ ची सुमारे १५-१६ ने. तिने इंजिन १,९०० पर्यंत नेले की तीही २० ला पोहोचते. आणि २५० हॉर्सपॉवरमध्ये ४० टन घेऊन हा चढ कुठल्याही रेशोने चढला तरी ताशी २६ च्या वर वेग जाणार नाही. घाटातल्या वेगाची कमाल मर्यादा हॉर्सपॉवर आणि वजन ठरवतात. ‘घाटात वेग हवा म्हणून रेशो बदलला’ असे कुणी सांगत असेल तर पैसे चुकीच्या जागी गेले, असे समजावे.

चढावर गाडी उचलताना क्लच का जळतो?

घाटात वाहतूक कोंडी झाली आणि ट्रेलर ७ टक्के चढावर थांबला, असे समजू. पुन्हा निघायला निदान ३.१ टनांचा जोर हवा, शिवाय वेग पकडायला थोडा जास्त. क्लच सोडताना इंजिन पूर्ण टॉर्क देत नाही, म्हणून ६०० न्यूटन-मीटर धरू.

• ४.१० रेशो, पहिला गिअर : ३.९ टन
• ५.२९ रेशो, पहिला गिअर : ५ टन
• ४.१० रेशो, क्रॉलर : ५.६ टन
• ५.२९ रेशो, क्रॉलर : ७.३ टन

४.१० ची गाडी पहिल्या गिअरमध्ये निघते, पण जेमतेम. ड्रायव्हर क्लच अर्धवट दाबून धरतो, क्लच घसरतो, तापतो आणि करपल्याचा वास येतो. हीच गाडी क्रॉलरमध्ये टाकली तर सहज निघते. लहान रेशोच्या गाडीवर क्रॉलरची सवय नसलेला ड्रायव्हर बसला की क्लचप्लेटचा खर्च ठरलेला.

मोठ्या रेशोलाही मर्यादा आहे. ओढणाऱ्या एका ॲक्सलवर ११.५ टन वजन असेल तर कोरड्या रस्त्यावर टायर साधारण ७ टनांपर्यंतचा जोर पेलतो, पावसात ओल्या रस्त्यावर साडेचार टनांच्या आसपास. त्यापुढे चाक जागच्या जागी फिरते. म्हणजे श्रावणात आंबा घाटात ५.२९ च्या क्रॉलरमधले ७.३ टन कामाचे नाहीत. तिथे ॲक्सलपेक्षा टायरची नक्षी आणि वजनाची मांडणी महत्त्वाची.

२०१८ मध्ये काय बदलले?

केंद्र सरकारने जुलै २०१८ मध्ये ॲक्सलवरच्या वजनाची कायदेशीर मर्यादा वाढवली. दोन ॲक्सलचा ‘घोडा’ (ट्रेलरच्या धंद्यात पुढच्या ओढणाऱ्या वाहनाला असे म्हणतात) आणि त्यामागे दोन ॲक्सलचा ट्रेलर, यांचे एकूण वजन ३५.२ टनांवरून ३९.५ टनांवर गेले. मागे तीन ॲक्सलचा ट्रेलर असेल तर ४०.२ वरून ४५.५ टन. तीन ॲक्सलचा घोडा आणि तीन ॲक्सलचा ट्रेलर असेल तर ४९ वरून ५५ टन.

म्हणजे १२ ते १३ टक्के वाढ. चढावर लागणारा जोरही तेवढाच वाढतो. आधी निवांत चढणारी गाडी आता राखीव जोर संपवून चढते. जुनी गाडी घेताना, ती कुठल्या वजनासाठी बनवली होती आणि आपण तिच्यामागे काय जोडणार आहोत, हे ताडून पाहायला हवे. दोन ॲक्सलच्या ट्रेलरसाठी घेतलेल्या घोड्यामागे उद्या तीन ॲक्सलचा ट्रेलर लावला तर इंजिन तेच, रेशो तोच आणि ओझे ६ टनांनी जास्त.

खरी परीक्षा उतारावर का?

चढावर रेशो चुकला तर पैसे आणि वेळ जातो. उतारावर चुकले तर जीव जाऊ शकतो.

खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना गाडी ५०० मीटरहून अधिक खाली येते. ४० टनांची गाडी ५०० मीटर खाली आणताना जी ऊर्जा जिरवावी लागते, ती जवळपास ५५ युनिट विजेएवढी. त्यातली थोडी टायर आणि वारा खातात. बाकीची जिरवायला दोनच जागा आहेत. इंजिन किंवा ब्रेक. ५ टक्के उतारावर ताशी ४० चा वेग कायम राखायचा तर १८५ किलोवॉट उष्णता सतत जिरवावी लागते, म्हणजे घरातले २ किलोवॉटचे सुमारे ९० गीझर एकाच वेळी सुरू ठेवल्यासारखे. हे सगळे ब्रेकच्या ड्रमवर टाकले तर ड्रम तापून फुगतात, लायनिंगची पकड सुटते आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. वेग निम्मा केला की दर सेकंदाची उष्णताही निम्मी होते.

म्हणून गाडी इंजिनावर आणि एक्झॉस्ट ब्रेकवर रोखायची असते. इंजिन जितके जास्त फिरेल तितके जास्त रोखते. ताशी ३० च्या वेगाने पाचव्या गिअरमध्ये उतरताना ५.२९ च्या गाडीचे इंजिन सुमारे २,१०० आरपीएमला फिरते, ४.१० च्या गाडीचे १,६२५ ला. शिवाय रोखण्याचा जोर चाकापर्यंत पोहोचताना मोठ्या रेशोमुळे २९ टक्के जास्त होतो. ४.१० च्या गाडीला तेवढीच पकड हवी असेल तर चौथा गिअर हवा.

धोका इथेच आहे. आयुष्यभर मोठ्या रेशोची गाडी चालवलेला ड्रायव्हर नव्या, ‘चांगले ॲव्हरेज’ देणाऱ्या गाडीवर बसतो आणि सवयीने जुन्याच गिअरमध्ये उतार घेतो. गाडी धरत नाही, मग पाय ब्रेकवर जातो आणि तिथेच राहतो. ‘ज्या गिअरमध्ये चढाल, त्याच गिअरमध्ये उतरा’ हा जुना नियम अशा वेळी वाचवतो, कारण त्यात रेशो आपोआप धरला जातो. गिअर उतार सुरू होण्याआधी टाकायचा. भरल्या गाडीने वेग घेतल्यावर खालचा गिअर बसेलच याची खात्री नसते.

न्यूट्रलवर सोडल्याने डिझेल वाचते का?

नाही. आजच्या इलेक्ट्रॉनिक इंजिनात गाडी गिअरमध्ये असताना आणि ॲक्सिलरेटर सोडलेला असताना उतारावर डिझेलचा पुरवठा बंद होतो. चाकेच इंजिन फिरवत असतात. न्यूट्रल केले की इंजिनाला स्वतःच्या बळावर सुरू राहावे लागते आणि ते डिझेल पिते. म्हणजे न्यूट्रलमध्ये उलट खर्च होतो.

इंजिनच बंद केले तर? हवेचा कॉम्प्रेसर थांबतो, प्रत्येक ब्रेकसरशी टाकीतला दाब कमी होतो, स्टिअरिंग जड होते. पुण्यात नवले पुलाजवळ २० नोव्हेंबर २०२२ रोजी नवीन कात्रज बोगद्याकडून उतारावर आलेल्या अवजड वाहनाने अनेक वाहनांना धडक दिली. सुरुवातीला ब्रेक निकामी झाल्याची चर्चा होती. पोलिसांच्या प्राथमिक तपासात मात्र डिझेल वाचवण्यासाठी चालकाने उतारावर इंजिन बंद केल्याची बाब समोर आली. त्या अपघातात ॲक्सल रेशोचा मुद्दा नव्हता. पण डिझेल वाचवण्याचा दबाव ड्रायव्हरला कुठे नेतो, ते त्यातून दिसले.

हा दबाव येतो कुठून? अनेक ठिकाणी मालक ट्रिपमागे डिझेल ठरवून देतो आणि जास्त लागले तर ड्रायव्हरला जाब विचारतो. सपाट मार्गावर मोठ्या रेशोची गाडी दिली तर ठरलेले ॲव्हरेज निघणारच नाही. मग ड्रायव्हर ते उतारावर वसूल करू पाहतो. रेशो निवडतो मालक आणि त्याचा भुर्दंड भरतो ड्रायव्हर. ॲव्हरेजचे उद्दिष्ट ठरवताना गाडीचा रेशो आणि मार्ग पाहिला नाही, तर ते उद्दिष्टच धोक्याचे ठरते.

कुठल्या मार्गाला कुठला रेशो?

नेमका आकडा गाडीच्या इंजिन, गिअरबॉक्स आणि टायरवर ठरतो. एका कंपनीच्या गाडीवरचा ५.२९ दुसरीवर ‘मोठा’ असेल आणि तिसरीवर ‘लहान’. शेवटचा गिअर १ पेक्षा कमी म्हणजे ओव्हरड्राइव्ह असेल तर मोठा रेशोही सपाटीवर निवांत चालतो. तरी दिशा ठरवता येते.

लांब आणि सपाट : नागपूर ते मुंबई हा ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ पासून पूर्ण खुला आहे. अशा मार्गावर महिन्याचे बहुतेक किलोमीटर शेवटच्या गिअरमध्ये जातात. इथे लहान रेशो पैसे वाचवतो. उतारासाठी चांगला एक्झॉस्ट ब्रेक किंवा रिटार्डर मात्र हवा.

छोटी फेरी, रोजचा घाट : न्हावाशेवा-चाकण किंवा कसारा घाटातून नाशिक अशा फेऱ्यांत एकूण किलोमीटर कमी, थांबणे-निघणे जास्त. इथे मधला किंवा मोठा रेशो. थोडे जास्त डिझेल लागले तरी क्लच आणि ब्रेकवर ते भरून निघते.

ओढ हेच काम : अवजड यंत्रे, ट्रान्सफॉर्मर वाहणारे ट्रेलर किंवा खाणीतल्या गाड्या. इथे वेग गौण. मोठा रेशो, शक्यतो दोन ओढणारे ॲक्सल आणि चाकाच्या हबमध्येही गिअर असलेला ॲक्सल असतो.

एक मर्यादा सगळ्यांना लागू आहे. मालवाहू गाड्यांचा वेग गव्हर्नरने ताशी ८० वर रोखलेला असतो. त्यामुळे १०० च्या वेगाचा विचार करून अतिलहान रेशो घेण्यात अर्थ नाही. आपली गाडी महिनाभर ज्या वेगाने खरोखर धावते, तो वेग धरून हिशोब करावा. ‘जीपीएस’चा महिन्याचा अहवाल यासाठी पुरेसा आहे.

ग्राहकाला निवड मिळते का?

अमेरिकेत घोड्यांची किंवा बोट ओढणारा साधा पिकअप घेतानाही ग्राहक शोरूममध्ये ॲक्सल रेशो निवडतो. फोर्ड एफ-१५० सारख्या गाडीला ३.५५ आणि ३.७३ असे पर्याय मिळत आले आहेत आणि रेशोनुसार ती किती वजन ओढू शकते, हा अधिकृत आकडाही बदलतो. आपल्याकडे पिकअपला अशी निवड सहसा मिळत नाही. अवजड ट्रेलरच्या घोड्यांना मात्र काही मॉडेलमध्ये एकाहून अधिक रेशो असतात. विचारले नाही तर डीलरकडे जी गाडी उभी असते, तीच पदरात पडते.

जुन्या गाडीचा रेशो बदलता येतो का?

येतो, पण विचार करून. क्राउन आणि पिनियन नेहमी जोडीनेच बदलावे लागतात. कारखान्यात ते एकमेकांशी घासून जुळवलेले असतात. एक जुना आणि एक नवा लावला तर आवाज येतो आणि दाते लवकर जातात. बसवताना दात्यांमधली फट आणि रंग लावून दात्यांचा ठसा तपासावा लागतो. दोन ओढणारे ॲक्सल असतील तर दोन्हींचा रेशो सारखाच हवा, नाहीतर ते एकमेकांविरुद्ध ओढतात. त्याने टायर आणि डिफरन्शियल दोन्ही खराब होतात.

बीएस-६ गाड्यांत आणखी एक अडचण आहे. इंजिनाचा संगणक, स्पीडोमीटर आणि स्पीड गव्हर्नर जुन्या रेशोचा हिशोब धरून बसलेले असू शकतात. त्यांची नव्याने जुळणी केली नाही तर मीटर चुकीचा वेग दाखवतो. त्यामुळे हे काम कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये आणि वॉरंटीची अट वाचूनच करावे. जास्त उंचीचे टायर टाकले तरी रेशो थोडा लहान झाल्यासारखाच परिणाम होतो, हेही लक्षात ठेवावे.

घेण्यापूर्वी काय विचारावे?

शोरूममध्ये पाच प्रश्न विचारा.

१. या मॉडेलला कोणते ॲक्सल रेशो मिळतात आणि समोरच्या गाडीत कोणता आहे?

२. शेवटच्या गिअरमध्ये ६० च्या वेगाला इंजिन किती आरपीएमला फिरते? हे ट्रायलमध्ये मीटरवर स्वतः पाहा.

३. पूर्ण वजनासह ही गाडी किती टक्के चढावर जागेवरून निघू शकते? हा आकडा क्रॉलरचा आहे की पहिल्या गिअरचा?

४. एक्झॉस्ट ब्रेकशिवाय इंजिन ब्रेक किंवा रिटार्डर मिळतो का?

५. उद्या मागे तीन ॲक्सलचा ट्रेलर लावला तर हाच रेशो पुरेल का?

जुनी गाडी घेत असाल तर ॲक्सलवर लावलेली पट्टी पाहा. ती नसेल तर मेकॅनिककडून तपासून घ्या. आणि गाडी ज्याच्या हाती देणार, त्या ड्रायव्हरला ट्रायलला सोबत न्या. नवी गाडी जुनीपेक्षा एक गिअर खाली उतरवायची आहे, हे त्याला घाटाच्या वरच कळायला हवे.